जुन्या मारुती ८०० चे इंजिन माउंट: निवड आणि बदल

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: गाडी १९९७ ची, कार्बोरेटरची मारुती ८०० असून ती रत्नागिरीत वापरात आहे. गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात. क्लच सोडताना, विशेषतः रिव्हर्स टाकल्यावर, खालून ‘धप्’ असा आवाज येतो. गॅरेजवाल्यांनी सगळी फाउंडेशन, म्हणजे इंजिन बॉडीवर ज्यांच्या आधाराने बसते ते रबरी माउंट, बदलायला सांगितले आहे आणि ‘पुन्हा कधी बघायला नको’ म्हणून मूळ रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक माउंट सुचवले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. पॉलियुरेथेन बसवू नये. मूळ मापाचे आणि मूळ कडकपणाचे रबरी माउंटच घ्यावेत. मात्र खरेदीला जाण्यापूर्वी इंजिन तिन्ही सिलिंडरांवर सारखे चालते आहे याची खात्री करून घ्यावी, कारण आपल्या दोन तक्रारींपैकी ‘धप्’ ही बहुधा माउंटची आहे, पण थरथर माउंटचीच आहे असे गृहीत धरता येत नाही.

हे असे का, हे समजण्यासाठी या इंजिनाचा स्वभाव पाहावा लागतो. ७९६ सीसीच्या या तीन सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकचे तीन पाय एकमेकांशी १२० अंशांत असतात. त्यामुळे पिस्टनांच्या वरखाली होण्यातून निर्माण होणारी बले परस्परांना काटतात. तरीही पहिला आणि तिसरा सिलिंडर इंजिनाच्या दोन टोकांना असल्याने इंजिन टोकापासून टोकापर्यंत डोलत राहते. हे डोलणे कोणत्याही ट्यूनिंगने जात नाही. त्यात भर म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत केवळ तीन ज्वलने होतात. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, सेकंदाला १५ फेऱ्या आणि २२.५ ज्वलने होतात, तर तेवढ्याच फेऱ्यांवर चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला ३० ज्वलने होतात. म्हणजे या गाडीच्या माउंटला चार सिलिंडरांच्या गाडीपेक्षा बऱ्याच संथ गतीचे धक्के गिळावे लागतात, आणि संथ धक्के गिळणे रबराला नेहमीच जड जाते.

जड का जाते, हे एका साध्या नियमाने स्पष्ट होते. माउंटवर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. येणारे कंपन त्या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वर असेल तरच माउंट ते अडवतो. त्याखालच्या कंपनाला तो अडवत नाही, आणि दोन्ही वारंवारता जवळ आल्या तर कंपन उलट वाढते. उदाहरणादाखल इंजिनाची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला १२ धरली, तर सुमारे १७ च्या वरची कंपने अडतील; म्हणजे ९०० फेऱ्यांची २२.५ ज्वलने नीट अडली जातात. आता माउंटचा कडकपणा दुप्पट केला, तर नैसर्गिक वारंवारता १.४ पट होऊन १७ वर जाते आणि अडवण्याची मर्यादा २४ वर पोहोचते. आयडलिंगचे कंपन आता मर्यादेच्या आत आले आणि थेट बॉडीत शिरू लागले. जुने रबर वयाने कडक झाले तरी हेच घडते आणि नवे कोरे पॉलियुरेथेन बसवले तरी हेच घडते. माउंट घेताना गिऱ्हाईक मजबुती शोधते, वास्तविक या जागी त्याला हवा असतो तो नेमका मऊपणा.

याच हिशेबातून एक फुकटचा उपायही निघतो. आपल्या गाडीचे आयडलिंग कुणी पेट्रोल वाचवण्यासाठी ७०० वर आणून ठेवले असेल, तर ज्वलने सेकंदाला १७.५ वर येतात आणि चांगल्या माउंटचीही परीक्षा होते. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग पुन्हा ९०० च्या आसपास आणल्यावर थरथर निम्मी झाली, तर दोष कुठे होता हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर प्रत्येक सिलिंडर तपासावा. एक सिलिंडर मिस करत असेल, तर त्याचा झटका क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी एकदा, म्हणजे ९०० फेऱ्यांवर सेकंदाला ७.५ वेळा बसतो. इतक्या संथ झटक्याला जगातला कोणताही रबरी माउंट रोखू शकत नाही. प्लग, प्लगच्या तारा, डिस्ट्रिब्युटरची टोपी, टॅपेटचे अंतर, कार्बोरेटरच्या बुडाशी हवा ओढणारे गॅस्केट आणि शेवटी तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन या क्रमाने जावे. कॉम्प्रेशनचा आकडा किती भरतो यापेक्षा तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे अधिक महत्त्वाचे. सायलेन्सरचा पाइप क्रॉसमेंबरला टेकत असल्यानेही अगदी अशीच थरथर येते. वाकून हाताने पाइप हलवून पाहायला एक मिनिट पुरते, आणि हे अर्थातच इंजिन थंड असताना करावे.

आता ‘धप्’ आवाजाकडे. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना गती, अशा रचनेत माउंटवर येणारा पीळ लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. या इंजिनाचा टॉर्क ६० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे तसा किरकोळ. पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच घडणीत इंजिनाला जोडलेले असल्याने पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत पोहोचताना तो सुमारे पंधरा पट होतो, आणि त्याची संपूर्ण प्रतिक्रिया इंजिनाच्या माउंटनाच झेलावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत इंजिन उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने असते आणि डिफरन्शिअल मागच्या अ‍ॅक्सलवर असते. तिथे अंतिम गुणाकाराची प्रतिक्रिया मागचा अ‍ॅक्सल आणि पाटे घेतात, इंजिनाच्या माउंटवर केवळ गिअरबॉक्सपर्यंतचा पीळ येतो. म्हणूनच पद्मिनीचे माउंट बसतात, दबतात, पण तुलनेने कमी वेळा फाटतात. मारुतीचे मात्र फाटतात. रिव्हर्समध्ये पीळ उलट दिशेने पडतो आणि फाटलेल्या भागाच्या दोन्ही कडा अचानक एकमेकींवर आपटतात, तोच आपला ‘धप्’.

खात्री करण्यासाठी बोनट उघडा ठेवून एका माणसाने बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभे राहू नये. चालवणाऱ्याने हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा पकडेपर्यंत सोडावा आणि लगेच दाबावा, मग तेच रिव्हर्समध्ये करावे. इंजिन बोटाच्या जाडीएवढे झुकणे स्वाभाविक आहे. ते इंचभर किंवा अधिक उसळत असेल आणि शेवटी धातूवर धातू बसल्याचा आवाज येत असेल, तर माउंट गेला आहे. त्यानंतर इंजिन बंद करून, खालून लाकडी फळी लावलेल्या जॅकने इंजिनाचा थोडा भार उचलावा आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) एकेका माउंटला हलकेच हलवून पाहावे. रबराच्या पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक भेगा म्हणजे केवळ वय. त्यावरून माउंट बाद ठरवू नये. मात्र भेग आरपार गेली असेल, किंवा रबर लोखंडी पट्टीपासून सुटून कागद शिरेल एवढी फट दिसत असेल, तर तो माउंट संपला. माउंट निर्दोष निघाले आणि आवाज मात्र येतच राहिला, तर लोअर आर्मचे बुश आणि अ‍ॅक्सलचे आतले जॉइंट पाहावेत. वळताना येणारी कटकट ही अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची असते, तिचा माउंटशी संबंध नाही.

निवडीबाबत पहिला पर्याय कंपनीच्या मूळ सुट्या भागाचा. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असले तरी या गाड्या अजून इतक्या संख्येने रस्त्यावर आहेत की माउंट मिळवणे हे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरइतके जिकिरीचे नाही. पार्ट नंबर दुकानदाराच्या आठवणीवरून घेऊ नये, गाडीच्या चासी नंबरवरून काढून घ्यावा. कार्बोरेटरच्या आणि नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, तसेच चार आणि पाच गिअरच्या गिअरबॉक्सांत, ब्रॅकेटमध्ये फरक असू शकतो. काउंटरवर हमखास ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे ‘ऑम्नीचे चालून जाईल’. ऑम्नीत इंजिन याच घराण्यातले असले तरी ते पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेने बसते आणि गती मागच्या चाकांना देते. माउंटची रचना आणि त्यावर येणारा भार दोन्ही वेगळे. तेव्हा ते चालून जाणार नाही.

मूळ भाग न मिळाल्यास नावाजलेल्या उत्पादकाचा पर्यायी भाग घ्यावा, पण तो हातात घेऊन तपासावा. जुना माउंट सोबत न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून स्टडमधील अंतर, भोकांची जागा आणि पट्टीची जाडी मापावी. उंचीची तुलना करताना जुना माउंट वर्षानुवर्षे दबून काही मिलिमीटर खुजा झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे. रबर आणि लोखंड जिथे मिळतात ती कडा सर्वांत महत्त्वाची. चांगल्या भागात रबर साच्यातच, उष्णता आणि दाबाखाली लोखंडाला चिकटवलेले असते आणि कडेला सलग, पातळ ओघळ दिसतो. डिंकाने चिकटवलेल्या स्वस्त भागात तिथे चमकदार रेघ किंवा नख शिरेल अशी फट दिसते. कडकपणासाठी शोअर ए मोजपट्टीचे घड्याळासारखे लहान यंत्र मिळते. प्रवासी गाड्यांच्या रबरी माउंटचा कडकपणा साधारणपणे ४५ ते ६५ च्या दरम्यान असतो. ७५ दाखवणारा माउंट कितीही घट्टमुट्ट वाटला तरी परत करावा. यंत्र नसेल तर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. खूण उमटून लगेच भरून यायला हवी. रबर तुकड्यातुकड्याने सुटत असेल किंवा हाताला काळी भुकटी लागत असेल, तर त्यात पुनर्वापराचे रबर आणि भरणा जास्त आहे असे समजावे.

‘जुना स्टॉक आहे, ओरिजनल आहे’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नये. नैसर्गिक रबर कपाटात पडून राहिले तरी हवेतील ओझोनने आणि उष्णतेने म्हातारे होते. दहा वर्षे दुकानात उन्हाच्या झळेत टांगलेला मूळ माउंट आणि परवा बनलेला साधारण प्रतीचा माउंट यांत मी दुसरा निवडेन.

पॉलियुरेथेनविषयी थोडे अधिक सांगतो, कारण सल्ला देणारे गॅरेजवाले आपल्याला फसवत आहेत असे नाही. हे माउंट तेलाने फुगत नाहीत, फाटत नाहीत आणि शर्यतीच्या गाडीत इंजिनाची हालचाल रोखण्यासाठी ते योग्यच असतात. शर्यतीच्या गाडीत आयडलिंगची थरथर कुणी मोजत नाही. आपल्या गाडीत मात्र जी ऊर्जा रबर गिळत होते ती आता बॉडीच्या पत्र्यात, ब्रॅकेटच्या वेल्डिंगमध्ये, रेडिएटरच्या टेकूत आणि बसणाऱ्याच्या हाडांत जाईल. आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जवळजवळ तीन दशके काढलेल्या पत्र्याला हा जास्तीचा ताण परवडणारा नाही. कडक सामग्री वापरण्याची फारच हौस असेल, तर ती केवळ इंजिनाचे पुढेमागे झुकणे रोखणाऱ्या माउंटपुरती मर्यादित ठेवावी आणि वजन पेलणारे माउंट रबराचेच ठेवावेत. मी स्वतः मारुती ८०० ला तेवढेही सुचवत नाही. फाटलेल्या माउंटच्या पोकळीत काच बसवण्याचे सीलंट भरण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिचा परिणामही कडक माउंटसारखाच होतो. शिवाय पोकळी ही त्या माउंटच्या रचनेचा भाग असते, उणीव नव्हे.

ज्यांच्याकडे पद्मिनीसारखी गाडी आहे आणि माउंट मिळतच नाही, त्यांना जुन्याच पट्ट्यांवर नवे रबर भरून घेणे हा मार्ग उरतो. काम करणाऱ्याने पट्टी वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करून, धातूला रबर धरणारे रसायन लावून, साच्यात दाबाखाली तापवून रबर पक्के केले, तर तो माउंट उत्तम टिकतो. ५० ते ५५ शोअरचे नैसर्गिक रबर मागावे. ‘फेव्हिकॉलसारखे एकदम पक्के चिकटवून देतो’ असे उत्तर मिळाले तर दुसरा कारागीर शोधावा.

एक बदलावा की सगळे, याचे उत्तर परिस्थितीवर आहे. सगळे सारख्या वयाचे असतील, तर एक फाटल्यावर त्याचा भार इतरांनी वाहिलेला असतो, म्हणून संच बदलणे शहाणपणाचे. पण एकाच माउंटवर तेल गळून तो फुगला आणि मऊ लिबलिबीत झाला असेल व बाकीचे अलीकडे बदललेले असतील, तर तेवढाच बदलावा. अशा वेळी गळती आधी बंद करावी. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरची रिंग आणि क्रँकचे सील ही नेहमीची ठिकाणे. नैसर्गिक रबर खनिज तेलापुढे टिकत नाही, त्यामुळे गळती तशीच ठेवून बसवलेला नवा माउंटही लवकरच त्याच अवस्थेला पोहोचेल.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. कोकणातल्या गाडीसाठी मी आदल्या दिवशीच प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवायला सांगतो, आणि कामाच्या दिवशी पुन्हा. बॉडीच्या आत वेल्ड केलेले नट गंजून सुटले की बोल्टसोबत आतल्या आत फिरत राहतात, आणि मग अर्ध्या तासाचे काम कापाकापीपर्यंत जाते. बोल्ट अडल्यास लांब पाइप लावून जोर करण्यापेक्षा पाव फेरा सोडणे, पाव फेरा आवळणे असे पुढेमागे करत त्याला काढावे.

गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि बॉडी स्टँडवर घेऊन उभी करावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. इंजिनाला आधार शक्यतो गिअरबॉक्सच्या कवचाखालून द्यावा. तेलाच्या चेंबरखालून द्यायचा झाल्यास तळाएवढी रुंद, जाड फळी लावावी आणि ड्रेन प्लग मोकळा राहील असे पाहावे. हे चेंबर पत्र्याचे असते आणि तेल ओढणारी जाळी त्याच्या तळाच्या अगदी जवळ असते. चेंबर चेपले तर जाळीचे तोंड आवळले जाते आणि माउंटच्या नादात बेअरिंगे गमावण्याची वेळ येते.

एका वेळी एकच माउंट सोडावा. जॅकने इंजिन उचलायचे नसते, केवळ त्या माउंटवरचा भार काढायचा असतो. जास्त उचलल्यास रेडिएटरचे होज, अ‍ॅक्सिलरेटर आणि क्लचची केबल, सायलेन्सरचा पुढचा जोड ताणले जातात आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट बाहेर सरकू शकतो. माउंट निघाल्यावर ब्रॅकेट आणि बॉडीची बसण्याची जागा ब्रशने घासून पाहावी. ब्रॅकेटला तडा असेल तर नवा माउंट बसवण्यात अर्थ नाही. उघडा पडलेला पत्रा प्राइमर लावून झाकावा.

नवा माउंट लावताना सर्व बोल्ट आधी हाताने काही आटे चढवावेत. भोके जुळत नसतील तर बोल्टच्या जोराने माउंट ओढून जुळवू नये. जॅकने किंवा टॉमीने इंजिन सरकवावे. रबराला ग्रीस किंवा तेल लावू नये. बुश दाबून बसवण्याची वेळ आलीच तर साबणाचे पाणी पुरते.

आता ज्या पायरीकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते, ती. सर्व माउंट जागेवर आल्यावर बोल्ट हातघट्टच ठेवून जॅक पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे इंजिनाचे सगळे वजन नव्या रबरावर येईल. मग इंजिन दोन्ही हातांनी पुढेमागे चार-पाच वेळा डोलवावे, म्हणजे ते आपली नैसर्गिक जागा स्वतः शोधते. त्यानंतर आधी वजन पेलणारे माउंट आवळावेत आणि झुकणे रोखणारा माउंट सर्वांत शेवटी. जॅक लावलेला असतानाच बोल्ट आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून बसते. पिळलेले रबर कडक माउंटसारखे वागते, आणि महागातला मूळ भाग बसवूनही गाडी थरथरत राहते. ‘नवे माउंट टाकले तरी फरक नाही’ अशा कितीतरी तक्रारींचे निराकरण केवळ बोल्ट सैल करून, इंजिन डोलवून, पुन्हा आवळल्याने झालेले मी पाहिले आहे. आवळण्याचा जोर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. ते हाताशी नसेल तर ८.८ प्रतीच्या १० मिलिमीटर बोल्टसाठी ४५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर धरायला हरकत नाही. नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नयेत.

बॅटरी जोडण्यापूर्वी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी परत लावली आहे का, हे पाहावे. रबरी माउंट विजेलाही अडवतो. ही पट्टी विसरली किंवा गंजलेली राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

माउंट बदलल्यावर इंजिन काही मिलिमीटर वर येते, म्हणून क्लचच्या केबलचे मोकळेपण, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि गिअरचा लिव्हर पुन्हा तपासावा. बसलेल्या इंजिनाला जुळवून घेतलेला सायलेन्सरचा पाइपही आता वेगळ्या जागी येतो. त्याचे पुढचे क्लँप सैल करून, इंजिन थोडा वेळ चालवून, मग आवळावेत. पहिले काही दिवस थरथर किंचित जाणवू शकते, कारण नवे रबर भाराखाली बसायला थोडा काळ घेते. सुमारे ५०० किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, सर्व बोल्टांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवावा; एखादा बोल्ट थोडा फिरला तर चिंता नाही, पण तोच बोल्ट पुढच्या वेळीही सैल मिळाला, तर त्याच्या मागचा बॉडीतला नट किंवा पत्रा सुटत चालला आहे असे समजून ती जागा वेल्डिंगवाल्याला दाखवावी.